धूपवाले

सरांच्या दारावरच्या पाटीवर नावाखाली फक्त दोन शब्द आहेत: 'मृदा धूप'. रंगाऱ्याला लिहून दिलेला मजकूर पाच ओळींचा होता. पण तो अक्षरामागे पैसे लावत होता, म्हणून सरांनी स्वतःच एकेक शब्द खोडत आणला. तेव्हापासून दर गुरुवारी कुणीतरी बेल वाजवतं.

"धूप मिळेल का?"

सर चष्मा कपाळावर सरकवतात. "देशाची सरासरी सांगू? वर्षाला हेक्टरी सोळा टन. पण सरासरीवर जाऊ नका. तुमची जमीन कुठल्या अंगाला आहे?"

गिऱ्हाईक एक पायरी उतरतं. "नाही, ते... मातीच्या वासाचा नवीन धूप आलाय म्हणे. तो का हा?"

"वास!" सरांचा चेहरा उजळतो. "वास आला म्हणजे थेंब आपटला. आणि थेंब आपटला म्हणजे पुढं काय होतं, या, आत या, दाखवतो."

आत गेलेला माणूस तासाभरानं बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात धूप नसतो, पण आपल्या शेताला नेमका उतार किती या काळजीनं त्याचं कपाळ आठ्यांनी भरलेलं असतं. मराठीत तो धूप आणि ती धूप यांत फरक फक्त लिंगाचा. तो ना गिऱ्हाइकांच्या लक्षात आला, ना सरांच्या. शेवटी काकूंनीच मार्ग काढला. कपाटात धुपाच्या पुड्यांचं एक खोकं आणून ठेवलं. आता गुरुवारी बेल वाजली की सरांच्या आधी त्या दार गाठतात. "तीस वर्षं नोकरी केली ह्यांनी, पण धुपेवर या घरात आलेली वरकमाई हीच पहिली," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

शेतीशास्त्रज्ञांत जाती आहेत. द्राक्षवाला शास्त्रज्ञ गावात येऊन गेला की जीपमध्ये पेटी ठेवली जाते. डाळिंबवाल्याला डाळिंबं, उसवाल्याला रस, कांदेवाल्याला निदान पिशवीभर कांदे. ज्वारीवाल्याला काही नाही तरी मोठं कणीस हातात धरून फोटो काढून घेता येतो. धूपवाल्यानं हातात काय धरावं? त्याचं काम फत्ते झालं तर शेतात काहीच घडत नाही. काल माती होती तिथंच ती आजही असते. हे बघायला पाहुणे कुठून बोलवायचे आणि फीत कुठं बांधायची?

म्हणून ही माणसं हळूहळू एका वेगळ्याच घडणीची होत जातात. चालताना खाली बघतात. खिशात पेन नसलं तरी फूटपट्टी असते. शेतात एखादा चपटा दगड बोटभर मातीच्या खांबावर छत्रीसारखा उभा दिसला की तिथंच उकिडवे बसतात. दगडाखालची माती झाकली म्हणून राहिली, भोवतालची गेली. खांबाची उंची तेवढं नुकसान. एकदा सरांनी देवळापुढच्या लिंबाच्या उघड्या मुळांवर पत्ते खेळत बसलेल्या चौघांना उठवलं, मूळ जमिनीपासून किती वर आलंय ते मोजलं आणि गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाला गाठलं.

"आजोबा, हे झाड कधी लावलेलं?"

"मोठी साथ आल्ती बगा, त्या साली."

"प्लेग का मानमोडी?"

"आता काय सांगू बाबा. मान्सं मरत हुती."

"अहो, वीस वर्षांचा फरक पडतो!" सर कळवळून म्हणाले. त्यांच्या आवाजातली तळमळ ऐकून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. सरांच्या घरचंही कुणीतरी त्या साथीत गेलं असावं, अशी त्याची समजूत झाली.

मी सरांना भेटलो पस्तीसेक वर्षांपूर्वी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गटांगळी खाल्ली होती. वडिलांनी ओळख काढून सोलापूरकडच्या एका कोरडवाहू संशोधन केंद्रावर रोजंदारीनं चिकटवलं. हुद्दा क्षेत्र सहायक. काम काय, तर गवत उपटणं. साधं खुरपण नव्हे. दगडी पाटीसारखी लांबट जमीन चारी बाजूंनी पत्रे ठोकून बंदिस्त केलेली, आणि तिच्यात एक काडीही उगवू द्यायची नाही. उगवली की उपटायची, वरून खालपर्यंत कुळव फिरवायचा, उताराला आडवा नाही, उताराच्याच दिशेनं. शेतकऱ्याला जे करू नको म्हणून आम्ही गावोगाव सांगत होतो ते सगळं त्या तुकड्यावर मी पगार घेऊन करत होतो.

"हा उघडा प्लॉट," सरांनी पहिल्या दिवशी समजावलं. "याच्याशी बाकी सगळ्यांची तुलना. लांबी २२.१३ मीटर."

"तेरा सेंटिमीटर कशाला सर?"

सरांना हा प्रश्न विचारणारा मी पहिला माणूस असावा. त्यांनी मला बांधावर बसवलं. अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ नावाच्या दोघांनी धुपेचं समीकरण मांडलं, १९६५ साली त्याचं पुस्तक निघालं, १९७८ साली सुधारून पुन्हा निघालं. त्यामागं दहा हजारांवर प्लॉट-वर्षांची आकडेमोड. एक प्लॉट एक वर्ष सांभाळला की एक प्लॉट-वर्ष. आणि तिथले जुने प्लॉट ७२.६ फूट लांब आणि सहा फूट रुंद असत, कारण तेवढ्यात नेमका एकराचा शंभरावा भाग बसतो. पुढं मीटर आले आणि ७२.६ फुटांचे २२.१३ मीटर झाले. म्हणजे सगळ्या जगाची धूप अमेरिकन एकराच्या सोयीनं मोजली जाते. आपल्या हिशेबात तो गुंठ्याचा अर्धा भागसुद्धा होत नाही, ०.४ गुंठा होतो.

शेजारचे आण्णा बांधापलीकडून ऐकत होते. त्यांचं रान केंद्राच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. म्हणाले, "सायेब, येवढ्या जाग्यात आमची म्हस बसती. वासराला भाईर बांदावं लागतंय."

समीकरण म्हणजे सहा गोष्टींचा गुणाकार: पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी, उताराचा चढ, वरचं पीक आणि माणसानं केलेली उपाययोजना. सर सांगत, "बेरीज नाही, गुणाकार. एक जरी शून्यावर आणलं तरी सगळं शून्य. पाऊस आपल्या हातात नाही, माती नाही. राहता राहिलं पीक आणि बांध." लग्नं जुळवायला बसलेल्या मेहुणीलाही त्यांनी हे समीकरण समजावलं होतं. मातीच्या जागी मुलाचा स्वभाव घालून. स्थळ मोडलं.

प्लॉटच्या खालच्या टोकाला पन्हळ, मग जमिनीत खड्डा करून बसवलेली पहिली टाकी. ती भरली की जादा पाणी अकरा खाचांच्या एका पत्र्यावरून सांडायचं. मधल्या एका खाचेतलं पाणी दुसऱ्या टाकीत, बाकी दहा खाचांतलं सोडून द्यायचं, आणि शेवटी अकरानं गुणायचं. (सरकारी अनुदान गावात पोचतं त्याचाही हिशेब असाच लावतात, फक्त गुणाकार कागदावर आधी करून घेतात.) टाकीतलं पाणी चांगलं ढवळून बाटलीभर काढायचं, गाळायचं, चिखल १०५ अंशांवर चोवीस तास वाळवायचा, आणि मग तो चिमूटभर चुरा सोनाराच्या तराजूनं तोलायचा. सर तो तराजू कुणालाही हात लावू देत नसत. श्वासही दुसरीकडं तोंड करून घ्यायचा.

आता खरी अडचण सांगतो. हे सगळं मांडून ठेवलं, पण पाऊस?

"जिथं पाऊसच नाही तिथं पावसानं माती कशी वाहून जाईल?" हा प्रश्न सरांना आमदारापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. न्हाव्यानं विचारला तेव्हा अर्धी दाढी झाली होती आणि सर उत्तर देऊन संपेपर्यंत तोंडावरचा साबण वाळला. उत्तर असं, की आपल्याकडं पाऊस थोडा, पण जो पडतो तो दणक्यांत पडतो. महिनाभर आभाळाकडं बघून मान दुखावी आणि मग एका रात्रीत निम्मी बेगमी ओतून जावी. त्यातून सोलापूर-मंगळवेढ्याची भारी काळी जमीन रब्बीची. ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोवर मृगापासून उत्तरेपर्यंत रान कुळवून मोकळं. अख्ख्या पावसाळ्यात अंगावर पान नाही. कोकणात इथल्या चौपट पाऊस कोसळतो, पण तिथं डोंगराच्या अंगावर झाडोऱ्याचं घोंगडं आहे. "कोकण इरलं घेऊन भिजतं," सर म्हणत, "आपण उघडेबंब."

आणि जाते ती दिसत नाही. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली देशाचा हिशेब मांडला, त्यात सरासरी निघाली हेक्टरी १६.३५ टन. ऐकायला भरमसाट वाटतं. पण हेक्टरभर रानावरून एक मिलिमीटर माती उचलली तर तीच तेरा टनांच्या आसपास भरते. म्हणजे सोळा टन म्हणजे जाडी किती, तर चार-पाच पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तेवढी. कुठला मालक रानातून पाच पोस्टकार्डं गेली म्हणून पोलिसांत जाईल? तेवढी जाडी परत तयार व्हायला मात्र मुरमाला कित्येक पावसाळे झिजावं लागतं. त्याच हिशेबात असंही होतं, की वाहिलेल्या मातीतली २९ टक्के समुद्राला मिळते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली इथली तिथं जाते. "इथली तिथं" हे शब्द सर नेहमी घाईनं म्हणून पुढं सरकत. ते मला तेव्हा खटकलं नाही.

तर सर वर्षभर वाईट पावसाची वाट बघायचे. सगळा तालुका म्हणे, "बाबा रे, भीज पाऊस पड." आमचे सर मनातल्या मनात म्हणत, "एकच पड, पण धो धो पड." मृग कोरडा गेला, आर्द्रा शिंतडून गेली. वहीत शून्य, शून्य, शून्य. मी एकदा म्हटलं, "सर, हे शून्य रोज कशाला लिहायचं?" तर म्हणाले, "शून्य हासुद्धा आकडाच आहे. नाही लिहिला तर लोक समजतील आपण झोपलो होतो."

सरांचं शिकवणं खऱ्या अर्थानं बघावं ते पंगतीत. एका बारशाला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. पानात भाताची मूद पडली, वाढपी वरण घेऊन आला. सरांनी हात आडवा धरला. "हळू. बारीक धारेनं." वाढप्यानं बारीक धार सोडली. वरण मुदीच्या सगळ्या अंगावरून सारखं पसरत उतरलं. "ही चादर," सर मला म्हणाले. "कळतच नाही काही गेलं म्हणून. आता जोरात वाढा हो." वाढप्यानं पळी उपडी केली. मुदीच्या बाजूला दोन बारीक ओघळ पडले. "हे ओघळ. कुळव फिरवला की बुजतात, म्हणून शेतकरी विसरतो. अजून एक पळी." दोन ओघळ एकत्र आले आणि मुदीची एक बाजूच कोसळली. "ही घळ!" सर इतक्या आनंदानं ओरडले की यजमान धावत आले, पानात काही पडलं की काय म्हणून.

मग त्यांनी बांध घालायला घेतले. लसणाच्या चटणीचा बांध मुदीला आडवा, समपातळीत. वरण अडलं. "मुरमाड जमीन. पाणी मुरतं, बांध टिकतो." दुसऱ्या बाजूला काकडीच्या कोशिंबिरीचा बांध. तो आधी पाणी पाणी झाला, मग मधोमध फुटला आणि वरण थेट जिलबीत गेलं. "ही आपली भारी काळी! उन्हाळ्यात हिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. बांधालाही पडतात. पावसात वरच्या अंगाला पाणी तुंबतं, भेगेतनं वाट काढतं आणि बांध जातो. हलक्या रानाचा बांध उचलून भारी रानात घातला की हे असं होतं. तिथं पाण्याला हळूच बाहेर काढून द्यावं लागतं. थोडा ढाळ देऊन." मुदीवरच्या लिंबाच्या फोडीखाली मात्र भात अजून ताठ उभा होता. सरांनी ती फोड कुणाला पिळू दिली नाही. मागची पंगत ताटकळत उभी होती. वाढपी शेवटी म्हणाला, "सायेब, ताक आणू का? पूर दाखवायला."

पण परातीचा प्रकार याच्याही वरताण.

थेंब केवढा आहे हे कळल्याशिवाय पावसाचा जोर कळत नाही. बारीक थेंब पिसासारखा उतरतो. पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या वेगानं आपटतो आणि ढेकळाच्या ठिकऱ्या करतो. आता पडत्या थेंबाचा व्यास मोजायचा कसा? यंत्रं होती, पण ती परदेशात. सरांना जुनी युक्ती ठाऊक होती: परातीत इंचभर जाड चाळलेलं पीठ पसरायचं, पावसात धरायचं, दोन-तीन सेकंद झाकण काढायचं आणि पुन्हा लावायचं. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होते. गोळ्या वाळवायच्या, चाळण्यांतून गाळायच्या आणि मोजायच्या.

ज्वारीच्या पिठाला चिकटा नाही, गोळी फुटते. गव्हाचंच पीठ हवं. आणि त्या काळात आमच्याकडं गव्हाचं पीठ म्हणजे सणावारी. काकूंनी वटपौर्णिमेच्या पोळ्यांसाठी दळून ठेवलेला डबा होता.

त्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. बायका वडाला दोरा गुंडाळता गुंडाळता देवळात पळाल्या, आणि देवळाच्या ओट्यावरून सगळ्यांनी पाहिलं ते असं: सर धोतराचा काचा मारून भर पावसात पिठाची परात डोक्याएवढी उंच धरून उभे, आणि मी शेजारी छत्री मिटलेली, हातात घड्याळ, "एक, दोन, तीन, झाका!" म्हणून ओरडतोय. कुणीतरी काकूंना म्हणालं, "धोंडी धोंडी पाणी दे म्हणतात, ते पाऊस यायच्या आधी करतात ना हो?"

काकू घरी आल्या. परात बघितली. "हे कुणी शिकवलं?"

"बेंटले," सर म्हणाले. "अमेरिकेतला. बर्फाच्या चांदण्यांचे फोटो काढायचा. १९०४ साली त्यानं ही युक्ती छापली. पुढं लॉज आणि पार्सन्स यांनी..."

"त्या बेंटलेची बायको काय म्हणाली?"

सर क्षणभर थांबले. ते खोटं बोलत नाहीत. "त्यानं लग्न केलं नव्हतं."

"तरीच," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

गोळ्या मात्र देखण्या झाल्या होत्या. मोहरीएवढ्या, मुगाएवढ्या, तुरीएवढ्या, आणि सात-आठ चांगल्या वाटाण्याएवढ्या. सरांनी त्या माळवदावर वर्तमानपत्रावर मांडल्या, आकारानं वेगळ्या केल्या आणि मला घेऊन चाळण्या आणायला केंद्रावर गेले. परत आलो तेव्हा वर्तमानपत्र रिकामं होतं आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. पोळ्या गेल्या तर गेल्या, म्हणून काकूंनी त्या दिवशी वरणफळं केली होती.

सर पाटावर बसले. पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. "हा साडेचार मिलिमीटरचा असावा," म्हणाले. मी खिशातून वही काढली. एक गोष्ट मान्य केली पाहिजे: त्या मृगाचा सगळा हिशेब आम्ही जेवताना पूर्ण केला, फक्त बारीक थेंब सापडले नाहीत. ते विरघळले होते.

सरांच्या टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो नव्हता, ह्यू बेनेटचा होता. १९३५ साली अमेरिकेच्या मैदानी मुलखातली माती धुळीची वादळं होऊन उडत होती. बेनेट सिनेटच्या समितीपुढं मृदसंधारणाचा कायदा मागत होता. असं सांगतात, की धुळीचं एक वादळ वॉशिंग्टनकडं निघाल्याची त्याला खबर होती, म्हणून तो आपलं बोलणं मुद्दाम लांबवत राहिला. खिडकीबाहेर दुपारीच अंधारून आलं आणि सभासद उठून बघायला लागले. त्याच वर्षी एप्रिलात कायदा झाला. सर ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत लहान मुलाला असते तशी एक इच्छा दिसायची.

ती पुरी व्हायची संधी सप्टेंबरच्या शेवटी आली. हस्त नक्षत्र लागलेलं. केंद्रावर पाहणीला अधिकारी, सभापती, दोन बँकवाले, असे पंधराएक जण यायचे होते. आणि नेमकं त्या दुपारी पश्चिमेला शिवेवर एक काळंकुट्ट आभाळ चढलं. सरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "मी बोलायला लागलो की तू खिडकीशी उभा राहा. ढग हलला की खोक."

आणि सर सुरू झाले. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये बांध घालून डोंगरची कुजलेली पालापाचोळ्याची माती शेतात अडवायला सांगितलं होतं, तिथून. मी खिडकीत. ढग जागच्या जागी. १९२३, मांजरीला कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांना सुरुवात. १९३३, सोलापूर. खोल नांगरट, बी कमी, ओळी लांब, पुन्हा पुन्हा कोळपणी. चहा आला, चहा गेला. ढग थोडा उत्तरेला. १९४२, मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा. एक बँकवाला झोपला. सरांनी कायद्याची कलमं सांगायला घेतली. मी खोकलो, पण तो तंबाखूचा ठसका होता. सरांनी आशेनं वर बघितलं, एका दमात चार सरकारी योजना ओलांडल्या आणि १९७२च्या दुष्काळावर आले.

तिथं मात्र ते लांबवायचं विसरले. पडद्यावर पाझर तलावाच्या कामाचा फोटो होता, पाट्या वाहणाऱ्या बायकांची रांग. "या तलावावर मी आईबरोबर होतो," एवढंच म्हणाले आणि पुढचा फोटो लावला. दर उन्हाळ्यात ते मला घेऊन एका कोरड्या तलावात का जात आणि कुणी सांगितलेलं नसताना बांबू खुपसून तिथला गाळ का मोजत, ते मला त्या दिवशी कळलं.

साडेपाचला ढग बार्शीच्या दिशेनं निघून गेला. मागून पडलेलं लख्ख ऊन सभापतींच्या टकलावर चमकत होतं. पाहुणे जीपमध्ये बसले. सरांनी वही उघडून लिहिलं: पाऊस शून्य.

रात्री अकराला हत्तीनं सोंड उघडली.

मी केंद्राच्या खोलीतच झोपत होतो. दार ठोठावलं, बाहेर सर, पायात गमबूट, हातात कंदील, आणि चेहऱ्यावर असा आनंद की वाटावं मुलीचं लग्न ठरलं. पळत प्लॉटवर गेलो. पन्हळ भरून वाहत होती, पाणी चहाच्या रंगाचं. "बघ, बघ, नुसती साय चाललीय वरची!" पहिली टाकी भरली. अकरा खाचांतून पाणी पडायला लागलं, एकेका खाचेतून एकसारखं. सर पत्र्यावर हात ठेवून उभे होते, नाडी बघितल्यासारखे. चार वर्षांत पहिल्यांदा ते यंत्र खऱ्या अर्थानं चालत होतं, आणि ते चाललं बरोबर बारा मिनिटं.

मग वरच्या रानाचा बांध फुटला. बांधाबद्दल पंगतीत सांगितलं होतं तसाच, मधोमध. लोंढा आला तो पत्रे ओलांडूनच. उघडा प्लॉट, गवताचा प्लॉट, तुरीचा प्लॉट, सगळे एक झाले. टाक्यांचा खड्डा भरला. पहिली टाकी भरलेली, म्हणून बसून राहिली. दुसरी जवळपास रिकामी, ती बुचासारखी वर आली. सर तिच्यावर झेपावले. मी सरांवर झेपावलो. माझ्या हाती सर लागले, सरांच्या हाती अकरा खाचांचा पत्रा. टाकी ठणठण करत ओढ्याच्या अंधारात गेली.

पहाटे घरी पोचलो तेव्हा काकू दारातच होत्या. चिखलानं माखलेले सर, त्यांच्या हातात तो पत्रा. काकूंनी वर-खाली बघितलं. "तेल गेलं, तूप गेलं," एवढंच म्हणाल्या आणि पाणी तापवायला गेल्या.

पर्जन्यमापकही ओसंडून गेला होता. म्हणजे तीस वर्षांत कदाचित एकदाच पडणारा पाऊस पडला आणि त्याचा आकडा नाही. वहीत त्या तारखेपुढं सरांनी दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं: मोजमापाच्या पलीकडे. वरिष्ठांकडून उलट टपाली विचारणा आली, की 'पलीकडे' हे एकक कोणतं.

टाकी शोधली. ओढ्यानं दोन मैल चाललो. नाही सापडली.

दिवाळीनंतर आण्णा फराळाला बोलवायला आले, तेव्हा सहज म्हणाले, "सायेब, तुमचं एक भांडं हाय जणू माझ्याकडं."

आण्णांचं रान मी पहिल्यांदाच आतून बघितलं. ओढ्याच्या पोटात आडवी दगडी ताल, आणि तिच्यामागं तीनेक गुंठ्यांचा सपाट काळाभोर तुकडा, लोण्यासारखा. हरभरा गुडघाभर. आण्णांनी तालीवर हात ठेवला. "ह्यो खालचा तीन थर आज्ज्यानं रचला. ह्यो चार थर बापानं. वरचं दोन माझं. गाळ तालीला टेकला की वर एक थर चढवायचा. ह्या खेपंला तुमच्याकडनं लय आला बगा. झ्याक माल हाय."

सर काही बोलले नाहीत. खिशातून फूटपट्टी काढली आणि थर मोजायला लागले. आजोबा, वडील, आण्णा. प्रत्येक थराला आण्णांना विचारत, हा कोणत्या साली. आणि आण्णा सांगत होते, थोरल्या बहिणीच्या लग्नात, बाहात्तरच्या दुष्काळानंतर, बैल मेला त्या साली. सर लिहीत होते. त्यांची चार वर्षं, आमचे ०.४ गुंठे, आणि इथं तीन पिढ्यांची वही दगडात मांडलेली. 'इथली तिथं' म्हणतात ती माती पायाखाली होती.

टाकी तालीच्या कोपऱ्यात होती. निम्म्यापर्यंत गाळानं भरलेली आणि गाळावर हिरवीगार कोथिंबीर.

"सापडली तेव्हा गाळ किती होता, आण्णा?"

"निम्म्याला हुता की."

"निम्म्याला म्हणजे नेमका किती?"

आण्णांनी टाकीत हात घालून कोपराखाली बोट ठेवलं. "हितपतूर."

सरांनी आण्णांचा हात मोजला. "अडतीस सेंटिमीटर. आणि त्यातला आमच्या प्लॉटचा किती, वरच्या रानाचा किती?"

"त्ये म्या न्हाई इचारलं त्येला," आण्णा म्हणाले.

टाकी परत न्यायची म्हटल्यावर आण्णा अवघडले. कोथिंबीर आत्ताच कुठं धरली होती. बाजारात भाव होता. सरांनी थोडा विचार केला. मग आण्णांनी खुडून दिलेल्या दोन जुड्या रुमालात बांधल्या आणि बांधावर बसून नोंद केली. ती वही अजून त्यांच्याकडं आहे, मी परवाच बघितली. शाई उडालीय, पण अक्षर लागतं: 'टाकी क्र. २ सापडली. गाळ ३८ सें.मी. (आण्णांच्या कोपरापर्यंत). उगम अनिश्चित. टाकी परत मिळण्याची तारीख: कोथिंबीर संपल्यावर.'